मिशी ओली झाली काय?

मी आयुष्यात केलेल्या मूर्खपणांची यादी करायला बसले तर दोनशे पानी वही पुरायची नाही, पण त्यातला पहिला नंबर कोणाचा याबद्दल मला शंका नाही. डिसेंबरातल्या एका गार सकाळी, वर्ध्याच्या मैदानावर, मी वॉटरबॅगच्या झाकणात बोट बुडवलं, नववीतल्या एका मुलीच्या वरच्या ओठावरून ते फिरवलं आणि तिला म्हटलं, "झालं. जा, टाक बॉल."

का, तर मैदानाच्या पलीकडून एक माणूस ओरडून विचारणार होता, "मिशी ओली झाली काय?" आणि मला इकडून "हो" म्हणून मोकळं व्हायचं होतं.

नववीतल्या मुलीला मिशी कुठली, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं. तेवढ्यावरून त्या माणसाने मला ओळखलं आणि पुढची दहा-बारा वर्षं माझा पिच्छा सोडला नाही.

नव्वदची दोन-तीन वर्षं उलटली होती. हिंगणघाटला मुलींच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. आमच्या पी.टी.च्या बाई बदलून गेल्या आणि खेळ कोणी बघायचा असा प्रश्न शिक्षकखोलीत आला. मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. माझ्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले. एवढ्या पात्रतेवर मी शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची इनचार्ज झाले. मी तेव्हा चाळिशीची होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. फोटोत बघा, मान कशी आहे माझी. जिराफ बरा.

तो मिशीवाला प्रश्न विचारणारे गृहस्थ आधीपासूनच मैदानावर होते. शाळेचे नोकर नव्हते, कोणी नेमलेले नव्हते. मिलमध्ये रिंगखात्यात कामाला, म्हणजे जिथे कापसाचं सूत कातलं जातं तिथे. पहिल्या पाळीचा भोंगा साडेतीनला व्हायचा आणि चारच्या आत त्यांची सायकल आमच्या कडुनिंबाला टेकलेली असायची. हँडलला कॅचरचा जुना ग्लोव्ह लटकलेला, भुवयांवर आणि कानांच्या केसांवर कापसाची पांढरी पिसं. तरुणपणी ते मिलच्या संघात कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून बॉल झेलणारे होते. उजव्या हाताची करंगळी बॉल लागून मोडलेली होती आणि ती कायम कोणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी बाहेर असायची. मिशी म्हणाल तर सफाचट.

नाव मी लिहीत नाही. तेच म्हणायचे, "नाव मिलच्या मस्टरवर असते, मॅडम. ग्राउंडवर काका बरा."

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इनचार्ज काय?"

"हो."

"खेळल्या कधी?"

"लंगडी."

"मंग जराशा बाजूले उभ्या राहा."

मी बाजूला उभी राहिले. तर ते पिचर मुलीला, म्हणजे जिने बॉल टाकायचा तिलाच, बॉल देईनात. आधी दोन कडुनिंबांच्या भोवती पळवलं. मग उड्या. मग हात लहान गोल, मोठा गोल. मग पाच पावलांवरून नुसत्या मनगटाने बॉल टाकणं. त्याला ते 'मनगट' म्हणत. मग दहा पावलांवर 'पाळणा', म्हणजे हात फक्त मागेपुढे झुलवून टाकायचा. सगळ्यात शेवटी 'रहाट', म्हणजे खांद्याभोवती अख्खं चक्र फिरवून, आणि तोही आधी निम्म्या जोराने. मधेमधे ते ग्लोव्ह खाली करून मुलीच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "मिशी ओली झाली काय?"

वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले की हात जागा झाला. नाही आले की हात झोपलेला आहे, पुन्हा पळ. हे त्यांचं घड्याळ, हेच थर्मामीटर. मुलींना हात लावून तपासायची गोष्ट ते करत नसत, दहा पावलांवरून नुसते बघत.

"कपाळाचा घाम काऊन नाही चालत?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं, खोचकपणे.

"कपाळ उन्हानंबी ओलं होते. परीक्षेतबी होते. मिशी फक्त मेहनतीनं ओली होते."

हे शास्त्र कोणत्या पुस्तकात आहे ते मी अजून शोधते आहे.

त्यांचं असलं सगळं शास्त्र मिलमधून आलेलं. रिंगखात्यात हवेत ओल ठेवावी लागते, पाण्याचे फवारे चालू ठेवावे लागतात, कारण कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. "कोरडं सूत ताणलं का तुटलं," ते म्हणायचे, "आन् पोरीचा हात म्हंजे सूतच हाये, मॅडम. ओल आल्याबिगर ताणू नोका." आणि इकडे मी त्याच मुलींना वर्गात फळ्यावर लिहून देत होते की स्नायू हे तंतूंचे बनलेले असतात. लिहून देत होते, अधोरेखित करायला लावत होते, तोंडपाठ करून घेत होते. फळा आणि मैदान यांच्यात सत्तर पावलांचं अंतर होतं. माझ्या डोक्यात ते कधी ओलांडलं गेलं नाही.

'मिशी' या शब्दाने मला जो ताप दिला तो निराळाच. एक आई तणतणत शाळेत आली. "माह्या पोरीले मिशी हाये म्हणते तो मानूस. उद्या तिचं लग्न जुळवाचं हाये मले." मुलगी सातवीत होती. मोठ्या बाईंनी काकांना बोलावून सांगितलं की 'वरचा ओठ' म्हणत जा. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. "वरचा ओठ..." एवढं म्हणून ते थांबले, कानापर्यंत लाल झाले आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, हे तं अजून वंगाळ वाटते." परत मिशीच सुरू झाली. त्या आईला चहा पाजून समजावायचं काम कोणाकडे आलं, ते विचारू नका.

एका वर्षी खेळांच्या उद्घाटनाला कोणी साहेब आले होते. त्यांना मात्र खरीखुरी मिशी होती, चांगली भरघोस. पहिला बॉल त्यांनी टाकायचा असा कार्यक्रम. फोटोवाला तयार, मोठ्या बाई तयार, आणि हे गृहस्थ ग्लोव्ह घालून साहेबांच्या समोर उभे. "साहेब, दोन मिनिटं हात गोल फिरवा. मिशी ओली होऊ द्या."

साहेबांनी मिशीला हात लावला. मी जमीन फाटायची वाट बघत होते.

साहेबांनी काही हात फिरवला नाही. बाही सरसावून जोरात बॉल टाकला आणि मग पाऊण तासाचं भाषण एक हात खिशात ठेवून केलं. हार घालून घेताना त्यांचा खांदा वर जाईना. काका माझ्या बाजूला उभे होते. पुढे बघतच पुटपुटले, "कोरडं सूत."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. त्या माणसाबद्दल माझं कायम असंच व्हायचं.

पण खरा वैताग वेळेचा होता. चार ते सव्वापाच एवढाच आमचा सराव. खेड्यांवरून येणाऱ्या मुलींना साडेपाचची एस.टी. गाठायची असे. त्यात हे एकेका पिचरला वीस-वीस मिनिटं पळवणार, झुलवणार आणि तोंडाकडे बघत बसणार. बाकीच्या मुली गवत उपटत बसायच्या. मी घड्याळ दाखवायची, ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "हं, अजून एक फेरी." शेवटी एक दिवस मी भडकले. "काका, सामन्यात अंपायर तुमच्या मिशीसाठी थांबणार आहे का?"

ते रागावले नाहीत. ते रागावत नसत, हाही एक वैतागच. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "रात्रपाळीवाल्यायले विचारलं म्या. थंडं मशीन घाईत चालू कराचं तं कसं कराचं. घाईचाबी कायदा असते, मॅडम." आणि त्यांनी घाईचं वॉर्मअप काढलं. सात मिनिटांचं. पळणं आणि उड्या एकत्र, जागच्या जागी, गुडघे छातीशी. त्यातच हात गोल. मनगट दहा वेळा, पाळणा दहा, रहाट निम्म्या जोराने पाच, पाऊण जोराने पाच, आणि मिशी ओली दिसली तरच पूर्ण जोराचे तीन. ताणाताणी अजिबात नाही. बॅटिंगची पाळी आली की पिचरने फेकायचा हात झाकून बसायचं, पुन्हा गार होऊ द्यायचा नाही. त्यासाठी त्यांनी एका फाटक्या स्वेटरची उजवी बाही कापून आणली होती. मुलगी ती मोज्यासारखी हातात चढवून बसायची आणि दुसऱ्या शाळेच्या मुली फिदीफिदी हसायच्या.

"मॅडम, तुम्ही स्वेटर विणता म्हणे. अशा दोन-चार बाह्या विणून द्या ना."

"अख्खा स्वेटर सांगा. नुसती बाही कोण विणतं? लोक म्हणतील बाईंना गळा जमत नाही."

सात मिनिटं मीच मागून घेतली होती, हे इथे लक्षात ठेवा. कारण पुढे मी तीही दिली नाहीत.

त्या वर्षी आमची पिचर करुणा होती. काटकुळी, हात मात्र गुडघ्यापर्यंत लांब. बॉल सुटला की समोरच्या मुलीला तो दिसायचा नाही, ग्लोव्हचा आवाजच तेवढा ऐकू यायचा. तिचे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. माझ्या हातात तिकीट देताना ते नेहमी विचारायचे, "मॅडम, पोरगी विभागात खेळली, मंग राज्यात खेळली, तं तिची नोकरीची लाइन लागीन ना?" मी म्हणायची, लागणारच. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला विभागाचा संघ निवडणारे दोघे येणार होते, आणि ते कोणाला बघायला येणार आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

सामना सकाळी नवाला, वर्ध्याला. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं, आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अंपायर भला माणूस होता. म्हणाला, दहा मिनिटं देतो. काकांनी बोटांवर हिशेब केला. "थंडी हाये, सातचे नऊ लागतीन. होते." तेवढ्यात टेबलावरून हाक आली, ओळखपत्रांचा काही घोळ झाला होता आणि कोणीतरी लगेच यायला पाहिजे होतं. जायला मीच पाहिजे होते. पण मी म्हटलं, "काका, तुम्ही जा."

कारण मला फोटो काढायचा होता.

संघाला नवे गणवेश शिवून आणले होते, निळ्यावर पांढरी पट्टी. कापड मी निवडलेलं, पट्टी मी सुचवलेली. वर्ध्यातल्या एका फोटोवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. काका जाताना म्हणाले, "मॅडम, पह्यले पोरगी पळवा. मिशी ओली झाल्याबिगर सोडू नोका." मी म्हटलं, हो हो. आणि मुलींना उंचीप्रमाणे उभं केलं. पुढच्या रांगेने बसायचं, मागच्या रांगेने हात मागे घ्यायचे, करुणाने मधे बॉल धरायचा, आणि मी बाजूला, पांढऱ्या बुटांसकट. फोटोवाल्याने दोनदा जागा बदलली, तीनदा "हसा" म्हटलं. शिट्टी झाली तेव्हा करुणाचे हात बर्फासारखे होते आणि ती स्वेटर काढून उभी होती.

"मॅडम, दोन फेऱ्या मारून घेऊ काय?"

पलीकडे टेबलापाशी काका उभे होते, कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होते. मला त्यांचा प्रश्न ऐकू यायच्या आधीच ऐकू आला. आणि मी वॉटरबॅगचं झाकण उघडलं.

"मिशी ओली झाली काय?"

करुणाने मान वर केली. उन्हात तिचा ओठ छान चमकला. "हो," मी ओरडले. त्यांनी करंगळी वर केली, म्हणजे ठीक.

तिने चार मुलींना बॉल टाकले. पहिल्या दोघी नुसत्या उभ्या राहून परत गेल्या. पाचवीला टाकताना रहाट वरून खाली आला आणि बॉल हातातून सुटून भलतीकडे गेला. करुणा ओरडली वगैरे नाही. तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून धरला, एखादी परकी वस्तू धरावी तसा, आणि माझ्याकडे बघितलं. काकांकडे नाही. माझ्याकडे.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या स्नायूचे काही तंतू तुटलेत. तीन महिने हात बांधून ठेवा, मग बघू. काका भिंतीला टेकून उभे होते. 'तंतू' म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

दोन दिवसांनी करुणाचे बाबा शाळेत आले. अंगावर ड्युटीचा खाकी, आवाज खाली. मोठा आवाज केला असता तर बरं वाटलं असतं. "मोठ्या बाई, तो मानूस मास्तर नाई, डॉक्टर नाई. मिशी पाहून पोरीचा हात कळते काय? माह्या पोरीचं वर्ष गेलं." मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, जिराफाची मान असलेली, सगळं येणारी, मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसले. काकांना निरोप गेला की सध्या मैदानावर येऊ नये.

ते शिपायाजवळ एवढंच बोलले, "बरोबर हाये त्यायचं."

आठ दिवस मी गप्प होते. त्या आठ दिवसांत मी स्वतःला काय काय समजावलं. फाटक मी पाडलं नव्हतं. थंडी मी आणली नव्हती. गरम असूनही हात कधी कधी दुखावतो. नोकरी शाळेची आहे, त्यांची काय, मिलची आहे. अशी वाक्यं माणसाला फार छान सुचतात.

नवव्या दिवशी वर्गात नेमका स्नायूंचा धडा होता. करुणा पहिल्या बाकावर, उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने वाकडी अक्षरं काढत होती. "स्नायू हे तंतूंचे बनलेले असतात," मी सांगितलं, आणि तिने ते लिहून, वेळ लावून, अधोरेखित केलं. तास सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, म्या कोनालेच सांगितलं नाई."

"काय?"

"पाण्याचं. काका घरी आलते. मले विचारून राह्यलते, बाई, खरं सांग, मिशी खरंच ओली होती काय. म्या हो म्हटलं."

"मग?"

"मंग ते म्हणे, ओली असून तुटलं, म्हंजे माहंच चुकलं. इतके वर्सं पोरीयले चुकीचं सांगत आलो म्हणे. आता नाई येत ग्राउंडवर, म्हणे, कोनी बोलावलं तरीबी नाई. मॅडम, ते घरी जाताना सायकल पायी पायी नेऊन राह्यलते."

मला वाचवायला एक चौदा वर्षांची पोर खोटं बोलली होती, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून एका माणसाने आपलं सगळं आयुष्यभराचं शहाणपण खोटं ठरवलं होतं. आणि मी वर्गात तंतू अधोरेखित करून घेत होते.

मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. जे झालं ते लिहून दिलं, खाली सही केली. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "फोटोसाठी?" मी म्हटलं, "फोटोसाठी." त्यांना यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नव्हती. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर करुणाच्या बाबांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिकिटांची पेटी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बसमध्ये चढले. पुढे पाच-सहा वर्षं ते मला तिकीट द्यायचे तेव्हा काही विचारत नसत. जे मला मिळायला हवं होतं, ते मिळालं.

या दोन भेटींच्या मधे मी आणखी एका ठिकाणी गेले होते. ते मी मुद्दाम मागे ठेवलं आहे. म्हातारीला एवढी लबाडी चालवून घ्या. आधी बाकीचं सांगून टाकते.

करुणाचा हात बरा झाला. पुढच्या वर्षी ती जिल्ह्याला खेळली, विभागालाही खेळली. राज्याच्या संघात तिचं नाव आलं नाही. पहिल्यासारखा जोर परत आलाच नाही. बॉल आता समोरच्या मुलीला दिसायचा. काकांनी तिला हळू बॉल शिकवला, जो जोरात आल्यासारखा येतो आणि मधेच दम खातो. त्यावर ती बऱ्याच मुलींना फसवायची. पण राज्य ते राज्य. ते वर्ष मी तिला परत देऊ शकले नाही. हे गोड करून सांगायचा माझा विचार नाही.

मी त्या हिवाळ्यात नऊ बाह्या विणल्या. सगळ्या उजव्या. दहावी डावी, एका डावखुऱ्या मुलीसाठी. शिक्षकखोलीत सगळ्या विचारायच्या, "बाई, स्वेटर पूर्ण कधी होणार?" मी म्हणायची, "गळा जमत नाही."

आणि काकांनी माझा छळ पुन्हा पूर्ववत सुरू केला. आता तर दुप्पट, कारण मला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. सात मिनिटांचं सगळं वॉर्मअप त्यांनी मला करायला लावलं. पंचेचाळिशीच्या बाईने साडी खोचून कडुनिंबाखाली गुडघे छातीशी आणायचे, आणि समोर मुली ओळीने उभ्या. "इनचार्जले आलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. मी चिडायचे, धापा टाकायचे, मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायचे. पण त्यानंतर आमच्या एकाही मुलीचा हात दुखावला नाही. हे ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, हाही त्यांचा एक दुष्टपणाच.

दोन हजारची चार-पाच वर्षं झाली तेव्हा ते मिलमधून सुटले आणि मुलाकडे नागपूरला गेले. जाताना ग्लोव्ह करुणाला दिला. एकदा पत्र आलं, त्यात खुशाली एक ओळ आणि उरलेलं सगळं तिथल्या मुलांच्या खांद्यांविषयी. 'इथली पोरं टाइट कपडे घालून ताणाताणी करतात. मिशी कोणीच पाहत नाही.' मग एका उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. ते झोपेतच गेले होते.

करुणा नाचणगावकडे एका शाळेत पी.टी. शिकवते. एकदा मी तिच्याकडे गेले होते. तिने मुलींना पळवलं, मनगट, पाळणा, रहाट, सगळं त्याच क्रमाने, आणि मग ग्लोव्ह खाली करून एका मुलीला तोच प्रश्न विचारला. मुलगी "हो" म्हणाली. करुणा दहा पावलं चालत गेली, तिच्या तोंडाजवळ वाकली, नीट बघितलं आणि परत आली. येताना माझ्याकडे बघून हसली. मी वॉटरबॅग पदराआड घेतली.

आता ते मागे ठेवलेलं.

मोठ्या बाईंच्या खोलीतून निघाले आणि सायकल काढली. सव्वातीन झाले होते. शाळेपासून मिलचं फाटक बरंच लांब, समोरून डिसेंबरचा वारा, मधे एकदा चेन पडली. हात काळे झाले. पोचले तेव्हा भोंगा नुकताच झाला होता आणि फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर येत होता. काका सायकल धरून चालत आले. हँडल रिकामं होतं.

"काका, मिशी ओली नव्हती. ते पाणी होतं."

"कायचं पाणी?"

"वॉटरबॅगचं. मी लावलं. बोटाने."

"करुणा तं हो म्हणे."

"माझ्यासाठी म्हणाली."

त्यांनी सायकल स्टँडला लावली. आजूबाजूने लोक जात होते, कोणी त्यांना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

"म्हंजे कोरडी होती."

"कोरडी."

"तिनं पळणंबी नाई केलं."

"नाही. मी फोटो काढत होते."

"मंग कोरड्यात तुटलं."

"हो, काका."

"ओल्यात नाई तुटलं."

"नाही."

बारीक सूत बोटांवरून पुन्हा पुन्हा फिरवून बघावं तसे ते विचारत राहिले. मला वाटलं, माणसा, काय बोलायचं ते एकदा बोलून टाक, मी सायकलवरून एवढी आले ते शिव्या खायलाच आले आहे. धाप थांबत नव्हती, पदर खांद्यावर राहत नव्हता, काळ्या हाताने घाम पुसायचीही सोय नव्हती.

मग त्यांनी भुवयांवरची पिसं हातांनी झटकली, आणि दहा पावलांवरून पिचरकडे बघावं तसं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं.

"घ्या, तुमची मिशी ओली झाली, मॅडम. उद्या चाराले ग्राउंडवर येजा, तुमच्यापासूनच सुरू करू."